छंदाला मार्क किती?



अंतिम वर्षाला पोचलो की आपण सगळे एक कागद तयार करतो. कुणी त्याला बायोडाटा म्हणतं, कुणी रेझ्युमे. टक्के, प्रोजेक्ट, सेमिनार सगळं लिहून झालं की खाली एक ओळ उरते : हॉबीज. तिथं काय लिहायचं याचा विचार कुणी करत नाही. शेजारच्या खोलीतून मित्राची फाईल आणायची आणि 'वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट' एवढे शब्द उतरवून काढायचे, ही आपली परंपरा! मग मुलाखतीत समोरचे साहेब सहज विचारतात, "अच्छा, वाचन? शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत?" आणि चार वर्षे एम-थ्रीची गणितं सोडवणारा गडी घामाघूम होतो.

गोष्ट हसण्यासारखी आहे, पण हसून सोडून देण्यासारखी नाही. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला 'तुला काय करायला आवडतं?' या साध्या प्रश्नाचं उत्तर उसनं आणावं लागतं, म्हणजे कुठेतरी काहीतरी हरवलंय. ते काय हरवलं आणि वसतिगृहाच्या या चार वर्षांत ते परत कसं मिळवता येईल, याचा थोडा अभ्यास या लेखात करायचा आहे. या विषयाला सिलॅबस नाही, इंटर्नल नाही, के.टी. तर नाहीच नाही.

छंद, नाद आणि व्यसन

आधी व्याख्या करू या, कारण व्याख्येला दोन मार्क असतात!

मराठीत 'छंद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आपल्याला माहीत असलेला : आवडीने केलेली गोष्ट. दुसरा कवितेतला. ओवी, अभंग हेही छंदच. अक्षरांची ठरावीक चाल पुन्हा पुन्हा येते, तिला छंद म्हणतात. मला वाटतं हे दोन अर्थ एकमेकांपासून लांब नाहीत. जी गोष्ट आपल्या आठवड्यात ठरावीक लयीने परत परत येते तो छंद. एकदा उत्साहाच्या भरात गिटार आणून ती कपाटावर धूळ खात ठेवणे हा छंद नव्हे, ती फक्त खरेदी झाली.

दुसरा शब्द 'नाद'. नाद म्हणजे सूर, आवाज. पण "पोराला नाद लागलाय" असं म्हटलं की घरचे काळजीत पडतात. त्यापुढची पायरी व्यसनाची. मग हे तिन्ही ओळखायचे कसे? माझ्या मते तीन प्रश्न पुरेत.

पहिला : ती गोष्ट करून उठल्यावर मन ताजं होतं की जड? दुसरा : मनात आलं तर ती आज थांबवता येते का? तिसरा : सहा महिन्यांपूर्वीपेक्षा आज ती आपल्याला जरा अधिक चांगली येते का?

मोबाईलवर रात्री दोन तास रिळं सरकवून बघा आणि स्वतःला हे तीन प्रश्न विचारा. डोळे जड झालेले असतात, थांबवता आलेलं नसतं आणि काय काय पाहिलं ते सकाळी आठवत नसतं. विरंगुळा म्हणून थोडा वेळ ठीक आहे. पण त्याला छंद म्हणू नये. छंदात आपण काहीतरी करत असतो, इथे आपल्याला काहीतरी होत असतं.

आधी पोटोबा, मग विठोबा

आता खरी अडचण. ती कुणी मासिकात लिहित नाही, पण रात्री मेसवरून परतताना बोलतो.

आपल्यातले बहुतेक जण शेतकऱ्यांच्या घरातले. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यातले असा, घरी सोयाबीन, कापूस, हळद. फीसाठी कुणाचं बँकेचं कर्ज आहे, कुणाच्या घरची हळद विकली गेली आहे. उन्हाळ्यात बाप कढईपाशी उभा राहून हळद शिजवतोय आणि लेकरू इकडं बासरी वाजवतंय, हे मनाला पटत नाही. घरी फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न ठरलेला : "त्येनं पोट भरतंय का? मग काय करायलास ते?" छंद म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असं आपल्यालाही आतून वाटत असतं.

या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देऊन चालणार नाही. पोट आधी हे खरंच आहे. पण जरा आपल्याच गावाकडे बघा. दिवसभर हळद शिजवून हात पिवळे झालेला माणूस एकादशीच्या रात्री टाळ घेऊन मारुतीच्या पारावर बसतोच ना? गावातला पखवाजवाला कुणी जमीनदार नसतो. दिवसा शेतात राबणारी आजी रात्री जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते आणि तिचे टाके असे घालते की चार घरच्या बाया बघायला येतात. नुसती ऊबच हवी असती तर वेडेवाकडे टाकेही चालले असते. या कुणीच 'हॉबी' हा शब्द ऐकलेला नाही. पण वरचे तीन प्रश्न त्यांना विचारा, तिन्हींत पास!

म्हणजे 'आधी पोटोबा मग विठोबा' या म्हणीत विठोबाचा नंबर दुसरा आहे, पण त्याचं नाव कापलेलं नाही. आपण मात्र इंजिनिअरिंगला आलो आणि ते कापून टाकलं. गावी भजनात पखवाज वाजवणारा पोरगा फर्स्ट इयरला येतो आणि 'आता अभ्यास' म्हणून थांबतो. गणपतीच्या मूर्ती रंगवणारी मुलगी ड्रॉइंग शीटशिवाय दुसरा कागद हातात धरत नाही. आपल्याकडे छंद नव्हता असं नाही. होता तो आपण गावाच्या एसटी स्टँडवर ठेवून आलो.

या संदर्भात डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचं नाव घ्यावंच लागतं. ते मूळचे ओतूरचे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, पण दवाखाना न थाटता हमाल, विडी कामगार, दुष्काळी भागातली माणसं यांच्यात फिरून लिहीत राहिले. पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांच्याबरोबर त्यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. त्यासाठी पु. ल. देशपांडे यांची मदत झाली होती. हे पु. ल. म्हणजे हार्मोनियमवर जीव असलेला माणूस. आणि अवचट? कागदाच्या घड्या घालून प्राणी-पक्षी बनवायचे, लाकडात शिल्प कोरायचे, बासरी वाजवायचे, चित्रं काढायचे. 'छंदांविषयी' नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. माणसांची दुःखं रोज जवळून पाहणाऱ्याने कागदाच्या चिमणीत रमावं, यात मला विसंगती दिसत नाही. उलट त्या चिमणीमुळेच दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दुःखापाशी बसण्याचं बळ येत असावं, असं वाटतं. आणि हिशेबच करायचा तर ओरिगामीचा खर्च किती? जुन्या जर्नलचं एक पान.

तबकडीची खरखर आणि दुधाळ्याचा माळ

आता जरा आपल्या ब्रँचचं बोलू. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे, हे सर्वांना माहीत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या, काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसर. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. आपल्याकडे ही जागा निवडताना बघितलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे जमिनीची शांतता : भूकंपाचे, रहदारीचे, कारखान्यांचे हादरे जिथे कमी आहेत अशी जमीन.

पण या यंत्राची गोष्ट एका पोराच्या संगीताच्या वेडापासून सुरू होते, हे फार थोड्यांना माहीत असेल.

रायनर वाइस यांचा जन्म १९३२ चा, बर्लिनचा. नाझींच्या जाचामुळे कुटुंब आधी प्राग आणि मग न्यूयॉर्कला आलं. शाळकरी वयात त्याला रेडिओ दुरुस्त करायचा आणि चांगल्या आवाजाचे संच जोडायचा नाद लागला. आग लागलेल्या एका सिनेमागृहातले मोठे स्पीकर त्याने मिळवले, ॲम्प्लिफायर जोडले, आणि ओळखीच्या लोकांना रेडिओवरच्या मैफली असल्या झकास ऐकू येऊ लागल्या की त्याच्याकडे गिऱ्हाइकं यायला लागली. त्याला एकच गोष्ट छळत होती. त्या काळच्या लाखेच्या तबकड्यांवर संगीत जोरात असताना काही कळत नसे, पण सूर मंद, हळुवार झाला की सुईची खरखर वर यायची. ही खरखर काढायची कशी? त्याने बरीच सर्किटं करून बघितली, जमेना. मग ते शिकावं म्हणून तो एम.आय.टी.त गेला.

तिथं काय झालं? पियानो वाजवणाऱ्या एका मुलीच्या प्रेमात पडून तिच्यामागे दुसऱ्या गावी गेला आणि नापास होऊन बाहेर पडला! (हे उदाहरण रेक्टर सरांना सांगू नये.) पुढे त्याच संस्थेतल्या एका प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ म्हणून लागला, हळूहळू पदवी, डॉक्टरेट, प्राध्यापकी. सापेक्षतेचा वर्ग शिकवताना विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या एका गणितातून लेसरने गुरुत्वीय लहर मोजण्याची कल्पना पुढे आली. १९७२ साली त्यांनी ती सविस्तर मांडली. त्या लेखात त्यांनी मुख्यतः काय केलं होतं? यंत्रात कुठून कुठून 'खरखर' येईल याची यादी आणि ती कशी कमी करायची याचा हिशेब!

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. चार किलोमीटरच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका. सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेलेला, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा संकेत. म्हणजे खर्जातून उठून हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या जरा खाली येऊन संपणारी एक मींड म्हणा ना! स्पीकरला जोडली तर कानाला ऐकू येते. २०१७ साली वाइस यांना दोघा सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं. २५ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांचं निधन झालं. तबकडीची खरखर काढायला निघालेल्या त्या पोराच्या विचाराचा एक धागा आज आपल्या औंढ्याच्या माळापर्यंत आला आहे.

छंद ठेवा म्हणजे नोबेल मिळेल, असं मी मुळीच म्हणत नाही. हजारो पोरांनी रेडिओ दुरुस्त केले आणि ते चांगले रेडिओ दुरुस्त करणारे झाले, तेही उत्तमच. मुद्दा वेगळा आहे. परीक्षेतला प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो. छंदातला प्रश्न आपला स्वतःचा असतो. 'ही खरखर का येते?' हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या चार वर्षांत आपण हजारो प्रश्न सोडवतो, पण त्यातला एक तरी आपला असतो का?

नवखेपणाचा हक्क

दुसरी गोष्ट आपल्या डॉ. जयंत नारळीकरांची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या कुणा लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा आली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. नंतर कळलं की हे जगताप म्हणजेच जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलेला, १९६५ मध्येच पद्मभूषण मिळालेला हा शास्त्रज्ञ. नावानिशी कथा पाठवली असती तर कोण नाही म्हणणार होतं? पण त्यांना आपली कथा नवख्या लेखकाची म्हणून वाचली जावी असं वाटलं. त्यांचं २० मे २०२५ रोजी निधन झालं. त्यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात उभी राहिलेली आयुका ही संस्था लायगो-इंडियातली एक भागीदार आहे. म्हणजे हा धागाही औंढ्यालाच येतो.

आपल्याला छंदापासून अडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट वेळ नाही, पैसा नाही. ती आहे लाज. 'लोक काय म्हणतील? तबल्यावर धड ठेका धरता येत नाही.' बारावीपर्यंत आपण वर्गात पहिले-दुसरे. कशातच कच्चं असण्याची सवय उरलेली नाही. छंद हा असा एकच कोपरा आहे जिथे कच्चं असायला कुणाची परवानगी लागत नाही. एवढा मोठा माणूस नवखा व्हायला तयार झाला, तर आपण कोण लागून गेलो?

एकट्याने चालताना

काही छंद माणसांत रंगतात, काही एकट्याने. परदेशातली पोरं-पोरी सुट्टीत एकेकटी बर्फाच्या डोंगरावर स्कीइंगला जातात. आपल्याकडेही गुलमर्ग आणि औलीला हिवाळ्यात अशी माणसं दिसतात. कुणासाठी थांबायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही. पडलं तर आपणच उठायचं. ऐकायला भारी वाटतं, पण आपल्याला हिंगोलीत बर्फ कुठला? पण पाय तर आहेत.

चालण्याच्या बाबतीत आपला जिल्हा कुणाला ऐकणारा नाही. परंपरेप्रमाणे संत नामदेवांचं जन्मस्थान आपलं नर्सी, आणि विसोबा खेचरांची नि त्यांची भेट झाली ती औंढ्याला. शिंप्याच्या घरातला हा माणूस पंढरपूरहून निघाला तो पंजाबात घुमानपर्यंत पोचला. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. त्याच घुमानमध्ये २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. संतांच्या भ्रमंतीला छंद म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. ती साधना. पण चालत गेलं की भाषा, माणसं, अन्न, सगळं बदलत जाताना दिसतं आणि आपणही थोडे बदलतो, एवढं तर त्यातून घेता येईल. आषाढी झाल्यावर वद्य एकादशीला नर्सीला 'परतवारी' भरते. पंढरपूरहून परतलेल्यांची तिथं रीघ लागते. वसतिगृहातल्या किती जणांनी ती पाहिली आहे?

थोडं गणित करू. हिंगोलीहून औंढा सुमारे पंचवीस किलोमीटर. एक पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर साधारण तेहतीस हजार पावलं. ताशी पाच किलोमीटरने पाच तास, त्यात बसणं-उठणं, चहा-पोहे धरून सात. पहाटे निघालं तर दुपारी नागनाथाच्या देवळाच्या भिंतीवरची शिल्पं निवांत बघून एसटीने परत येता येतं. खर्च? एका पिझ्झ्यापेक्षा कमी. पुढची पायरी रेल्वेची. हिंगोली डेक्कन स्टेशनवरून अकोल्याकडे किंवा पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसायचं आणि एखादं अनोळखी गाव बघून यायचं. कधीतरी बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेलं ते विवर सिव्हिलवाल्यांनीच काय, सर्वांनीच बघावं.

एकट्याने जाणं म्हणजे रुसून जाणं नव्हे. कुठे चाललो, कधी येणार हे रूममेटला आणि रेक्टरांना सांगून जावं. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. पाणी बरोबर असावं आणि एप्रिल-मेच्या उन्हात हा उद्योग करू नये. मुलींच्या वाट्याला यातली मोकळीक कमी येते, हे मान्य करायला हवं. त्यांनी दोघी-तिघींनी, दिवसाउजेडी जावं हे ठीकच, पण 'मुलींना कशाला हवं असलं' हे म्हणणं मात्र आता बंद व्हावं. दोघी बरोबर असूनही मधले दोन तास न बोलता चालता येतं. एकटेपणा पायांत नसतो, मनात असतो.

दुसऱ्यासाठी चालताना

चालण्याचा दुसरा प्रकार म्हणजे कशासाठी तरी चालणं. शेगावहून पंढरपूरला निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी दर वर्षी आपल्या सेनगाव, औंढा, जवळा बाजार या भागातून जाते. दोन-दोनच्या रांगा, टाळ-मृदंग, आणि गावोगावी पंगती. तिथं चालणाऱ्याइतकाच जेवू घालणाराही वारकरी असतो.

समाजासाठी चालण्याची परंपराही जुनी आहे. विनोबांची भूदान पदयात्रा १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. बाबा आमट्यांनी १९८५ मध्ये तरुणांना घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' सायकल यात्रा काढली. पाठीच्या दुखण्याने बसताही येत नव्हतं, तर ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. अलीकडचं उदाहरण २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनचं. तिच्यातून धावणारे लोक सामाजिक संस्थांसाठी निधी गोळा करतात.

आपल्या वसतिगृहालाही हे जमेल. समजा चाळीस जण वीस किलोमीटर चालले आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे दहा रुपये कबूल करून घेतले, तर चाळीस गुणिले वीस गुणिले दहा, आठ हजार रुपये झाले. एका जिल्हा परिषद शाळेच्या वाचनालयाला एवढ्यात चांगली पुस्तकं येतील. फक्त तीन पथ्यं पाळावीत. काम एकच आणि नेमकं ठरवावं, 'समाजसेवा' असं मोघम नको. हिशेब पैशापैशाचा नोटीस बोर्डवर लावावा. आणि टी-शर्ट, फ्लेक्स, पाहुण्यांचे हार यावर एक रुपयाही खर्च करू नये. आठ हजार जमवायचे नि सहा हजारांचे फ्लेक्स लावायचे, असले कार्यक्रम आपण पाहिले आहेत!

सुरुवात कशी करावी?

१) गावी काय सोडून आलो ते आधी आठवा. नवीन छंद शोधण्यापेक्षा जुना परत आणणं सोपं.

२) पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका. मागून, उसनं, जुनं वापरा. तरीही गोडी टिकली तर मग खरेदी.

३) आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये चोवीस तास होतात. चोवीस तासांत बासरीवर सरगम सुरात येऊ लागते. उस्ताद होत नाही, पण आपल्याला काही होता येतं हे कळतं.

४) शेजारधर्म सांभाळा. रात्री दहानंतर ढोलकी नको. सबमिशनच्या आदल्या दिवशी तर दिवसाही नको. मैदान मोठं आहे.

५) पी.एल. लागली की कमी करा, बंद करू नका. एकदा बंद पडलेलं यंत्र सुरू करायला जास्त करंट लागतो, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको.

६) पहिले सहा महिने कुणाला दाखवू नका. व्हिडिओ काढून स्टेटसला लावला की छंदाची परीक्षा होते आणि लाईक्स म्हणजे पुन्हा मार्कच.

७) वर्षातून एकदा तो दुसऱ्याच्या उपयोगी पडू द्या. चित्र येत असेल तर अंगणवाडीची एक भिंत रंगवा. गाता येत असेल तर वृद्धाश्रमात एक संध्याकाळ.

प्राध्यापक आणि वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांनाही एक विनंती. एक रिकामी खोली, एक जुनी हार्मोनियम, तबल्याची जोडी आणि रविवारचे दोन तास एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. आणि सर, आपणही यावं. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल शिकवणारे सर नाट्यगीत गातात, मेसचे काका सोंगी भारुडात काम करतात, हे आम्हाला निरोप समारंभाच्या दिवशीच का कळावं?

शेवटी थोडं गंभीर

निकालाच्या दिवशी वसतिगृहात एक विचित्र शांतता असते. कुणाचे दोन विषय राहिलेले असतात, कुणाचं वर्ष गेलेलं असतं. तो जेवायला येत नाही, फोन उचलत नाही. ज्याची सगळी ओळख फक्त टक्क्यांवर उभी असते, त्याचे टक्के गेले की त्याला वाटतं आपणच गेलो. इथे छंदाचं खरं काम सुरू होतं. ज्याला आपण विषयात नापास झालो तरी आपला पखवाज अजून बोलतो हे माहीत असतं, त्याला उभं राहायला दुसरा पाय असतो. एका खांबावर स्लॅब टाकू नये, हे सिव्हिलच्या पहिल्या वर्षात शिकवतात. माणसाचंही तसंच आहे.

पण हेही तितकंच स्पष्ट सांगतो : छंद म्हणजे औषध नव्हे. मनावर फारच मळभ आलं असेल, झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर बासरी बाजूला ठेवून आधी कुणाशी तरी बोला. मित्राशी, सरांशी, घरच्यांशी, डॉक्टरांशी. आणि शेजारच्या खोलीचं दार दोन दिवस बंद दिसलं तर आपण होऊन वाजवा. "चल रे, जरा चालून येऊ," एवढं म्हटलं तरी पुष्कळ असतं.

तेव्हा मित्रांनो, छंदाला मार्क किती? शून्य. म्हणून तर तो आपला. ज्याला मार्क नाहीत त्यात कुणी नापास करू शकत नाही. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला गेटपाशी या. पाण्याची बाटली आणा, बाकी काही नको. नर्सीपर्यंत चालत जाऊ. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, ज्याला गायचं त्याने गावं, आणि ज्याला गप्प चालायचंय त्याला कुणी 'काय झालं रे' म्हणून विचारू नये!